मालतीबाई आणि बर्फगाडीचा क्लच

मालतीबाई गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. तिकडेच गेल्या, कॅनडात, त्याच्या घरी, दुपारच्या झोपेत. मी म्हटलं, "बरं झालं, हाल नाही झाले." माझ्या सुनेला माझं हे बोलणं आवडलं नाही. बाईंना आवडलं असतं. त्यांना गोलगोल बोललेलं खपत नसे.

त्यांच्याबद्दल सांगायचं तर क्लचबद्दल सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. आणि क्लच आला म्हणजे थोडा मीही येणार. माझं सांगलीला स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. शाळा सातवीपर्यंत. हात चाळीस वर्षं ग्रीसमध्ये. म्हातारपणी मुलानं आम्हा दोघांना इथं सिंगापूरला, चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आणलं, आणि तिसऱ्या वर्षी माझी बायको सुमन गेली.

मालतीबाई आमच्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नवरा फार पूर्वी वारलेला. स्वतः बँकेत नोकरी केलेली, दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायची नोकरी. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी तपासणी थांबली नव्हती. अंगात सुती कुडता, पायात पळायचे बूट, आणि पर्समध्ये पेन्सिल नि खोडरबर. कुठलाही कागद आधी पेन्सिलीनं भरायचा, दोनदा वाचायचा, मग पेनानं गिरवायचा.

सुमन गेली तेव्हा बिल्डिंगमधली माणसं येऊन हात धरून बसली, "काका, धीर धरा" म्हणाली. बाई आल्या आणि टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा ठेवला.

"शेलार, रडायचं ते नंतर रडा. हे आधी. तुमच्या मुलाला यातलं काही कळत नाही, तो नुसताच इंजिनिअर आहे."

सुमनचा इथं राहायचा पास रद्द करायचा, खातं बंद करायचं, असले ते कागद. सगळं इंग्रजीत. एका रकान्यात नातं विचारलं होतं. त्यात त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'हजबंड' लिहिलं, आणि पेन माझ्या हातात दिलं. "हा शब्द तुम्ही गिरवा." मी गिरवला. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "चांगलं आलंय अक्षर." सांत्वन म्हणून मला जे काही मिळालं त्यात एवढंच लक्षात राहिलं.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या ब्लॉकला माहीत होता. "आकडा कुठून आला?" भाजीवाल्यानं, डॉक्टरनं, कुणीही आकडा सांगितला की हा प्रश्न. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघं नि एक चिनी म्हातारा होतो. लिफ्टमधली पाटी बाई रोज बघत असणार, पण त्या दिवशी त्यांनी ती वाचली. तेरा माणसं, आठशे पंच्याऐंशी किलो.

"म्हणजे ह्यांनी माणूस अडुसष्ट किलोचा धरलाय," बाई म्हणाल्या. "कुठला माणूस? कुणी मोजला?" मग त्या म्हाताऱ्याकडे वळून इंग्रजीत, "अंकल, तुमचं वजन किती?"

म्हातारा घाबरला. "फिफ्टी टू, आंटी. व्हाय?"

"बघा! सोळा किलो वाया." त्यांनी लिफ्टच्या कंपनीला खरंच पत्र लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं, आभार मानणारं. बाईंनी त्यात व्याकरणाच्या दोन चुका काढल्या नि फाइलला लावलं.

अशा बाईला एकच मुलगा, निखिल. इथंच वाढला, इथली नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी नोकरी केली, आईच्या म्हणण्यानुसार अकाउंटन्सी शिकला. दोन वर्षं ऑफिसात बसला आणि एक दिवस नोकरी सोडून कॅनडाच्या डोंगरात गेला. तिथं तो लोकांना बर्फातून डोंगरावर नेतो, स्नोमोबाईलवरून. पुढं दोन पाट्या, मागं रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि मध्ये मोटरसायकलची सीट, अशी ती गाडी. बाई त्याला निघताना म्हणाल्या होत्या, "ड्रायव्हरच व्हायचं होतं तर इथं टॅक्सी होती." त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत तो आला नाही, ह्या गेल्या नाहीत.

रविवारी सकाळी व्हिडिओ फोन व्हायचा. मी खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाशी बसलेला असे, बाई शेजारच्या बाकावर. मला सगळं ऐकू यायचं.

"जेवलास?"

"हो."

"थंडी?"

"आहे."

"बरं. ठेवते."

फोन ठेवून त्या तो पर्समध्ये टाकायच्या. मग माझ्यावर ओरडायच्या, "शेलार, दाढी करा. माणसात बसता ना?"

एके दिवशी त्या खाली आल्या त्या सरळ माझ्यासमोर फोन धरून. "तुम्ही गॅरेजवाले ना? हा आवाज ऐका."

निखिलच्या कुणा मित्रानं काढलेला व्हिडिओ होता, त्यानं तो इंटरनेटवर चारचौघांत टाकलेला, बाईंना कुठूनतरी सापडला. पांढरा उभा उतार. गाडी जोरात वर निघते. अर्ध्यात इंजिनाचा आवाज खाली खाली येतो, गाडी दमते, आडवी होते, उलटते. व्हिडिओ तिथंच संपतो.

मी तीनदा ऐकला. म्हटलं, "इंजिन चांगलं आहे. क्लच चुकलाय."

"कशावरून?"

"आपल्या बिनगिअरच्या स्कूटरसारखाच आहे हा. दोन पुल्या नि एक बेल्ट. इंजिनाकडच्या पुलीत वजनं असतात. इंजिन फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, पुलीला दाबतात, बेल्ट वर चढतो, गाडी पळते. स्प्रिंग त्याला मागं ओढते. वजन जड झालं तर बेल्ट वेळेआधीच चढतो नि इंजिन गुदमरतं. हलकं झालं तर इंजिन नुसतं किंचाळतं, गाडी जागची हलत नाही. डोंगरावर हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी. तिथं हलकी वजनं लागतात."

बाईंनी पेन्सिल काढली. "परत सांगा. हळू."

मी परत सांगितलं. माझ्या बायकोनंतर एवढा वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं. वर विचारूनही घेतलं, "बाई, ही गाडी ॲव्हरेज किती देते?"

बाई हसल्या. पहिल्यांदा बघितलं मी त्यांना असं दात दाखवून हसताना. "शेलार, माझा मुलगा डोंगरावरून पडतोय, नि तुम्ही ॲव्हरेज विचारताय!"

"गॅरेजात पहिला प्रश्न तोच असतो."

"तुम्ही आता गॅरेजात नाही. पण चला, गॅरेजात आहात असं समजा."

पुढच्या रविवारी फोन लागला. मी कान टवकारून बसलो.

"निखिल, तुझ्या क्लचमधली वजनं किती ग्रॅमची आहेत?"

पलीकडून, "व्हॉट?"

"प्रायमरी पुलीतली. आणि स्प्रिंग कुठली? कंपनीचीच आहे की बदललीस?"

"आई, हे तुला कोणी सांगितलं?"

"शेलारांनी. खालच्या. तू विषय बदलू नकोस."

त्या दिवशी फोन पंचवीस मिनिटं चालला. निखिल सांगत होता, बाई लिहीत होत्या, मध्येमध्ये मला फोन दिला जात होता. "अंकल, यू नो सीव्हीटी, आह?" शेवटी 'आह' नि 'ला' लावणारं त्याचं इंग्रजी अजून इथलंच होतं. मी म्हटलं, "बाळा, मी सीव्हीटी बिव्हीटी जाणत नाही, बेल्ट जाणतो." तो खूप हसला. आवाज बाईंसारखाच होता.

गाडी कंपनीतून आली तशीच होती, सखल भागाच्या हिशोबानं. वर सात हजार फुटांवर ती गुदमरणारच. बाहेरच्या एखाद्या दुकानाचा क्लच किट घालायचा, म्हणजे वजनं, दोन स्प्रिंगा आणि दुसऱ्या पुलीतला तिरक्या खाचेचा एक तुकडा. निखिल म्हणाला, "आय विल ऑर्डर, ला. डोन्ट वरी." बाई म्हणाल्या, "तू सहा वर्षं काय ऑर्डर केलंस ते बघितलंय मी व्हिडिओत."

मग सुरू झाली ती निवड. बाईंनी तीन दुकानं काढली. एक स्वस्त, सगळ्या गाड्यांना एकच किट विकणारं. मी म्हटलं, "हे सोडा. सगळ्यांना बसतं ते कुणालाच नीट बसत नाही." दुसरं दुकान किटबरोबर भारी भारी चित्रं पाठवायचं, पण कुठल्या उंचीला कुठलं वजन ते सांगायचं नाही. तिसऱ्यानं आधी लांबलचक फॉर्म पाठवला. किती उंचीवर चालवता? बर्फ कसला, घट्ट की पिठासारखा? मागचा पट्टा किती लांब? चालवणाऱ्याचं वजन किती?

बाईंचा चेहरा उजळला. "हा माणूस बरा. विचारतो तरी."

एक आठवडा तो फॉर्म आमच्या दगडी टेबलावर होता. मी बर्फ बघितलेला फक्त फ्रीजमधला. बाईंनीही तेवढाच. या बेटावरची सर्वांत मोठी टेकडी बुकित तिमा, बाई तिच्यावर जाऊन आल्या, नि खाली येऊन म्हणाल्या, "शेलार, मला वर काही विरळ वाटलं नाही." कॉफीवाला अंकल कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, आणून देताना वाकून बघायचा. "आंटी, यू बायिंग टँक, आह?" बाई त्याला बेल्ट नि पुली समजावायला बसायच्या. तो बिचारा मान डोलवायचा, "कॅन, कॅन," नि कप उचलून पळायचा.

रविवारी पाठवायच्या आधी बाईंनी फॉर्म मला वाचून दाखवला. चालवणाऱ्याचं वजन, एकसष्ट किलो.

मी म्हटलं, "बाई, आकडा कुठून आला?"

त्या चिडल्या. "मला माहीत आहे माझ्या मुलाचं वजन."

"कधी मोजलं?"

"नॅशनल सर्व्हिसमधून सुटून आला तेव्हा. घरच्याच काट्यावर." मग बोटांवर वर्षं मोजली. अकरा-बारा वर्षं झाली असतील त्याला, हे त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले, नि हा एक तसाच मनात ठेवलेला.

त्यांनी फोन लावला. "निखिल, तुझं वजन?"

"नाइन्टी फोर."

"काय?"

"चौऱ्याण्णव, आई. विथ हेल्मेट, बूट, बॅग, मेबी हंड्रेड अँड टेन."

बाईंनी फोन माझ्याकडं बघत धरला होता, जसं काही मीच त्याला खायला घातलंय. मग म्हणाल्या, "फोन लांब ठेव. मागं सरक. पूर्ण दिसू दे."

आजवर नुसतं तोंड दिसायचं. त्यानं फोन कपाटावर टेकवला नि मागं गेला. दार अडेल असा माणूस. दाढी, रुंद खांदे, पोट सुटलेलं. आणि मागं जाताना तो लंगडला.

"गुडघ्याला काय झालंय?"

"नथिंग, आई."

"निखिल."

"स्लेड, आय मीन गाडी, पडली अंगावर. त्या व्हिडिओत बघितलीस ना, तेव्हा. आता ओके आहे. ऑलमोस्ट."

मला वाटलं, आता बाई फुटणार. सोड ते सगळं, परत ये, असं काहीतरी. कुठलीही आई म्हणाली असती, आणि माझ्या मते निखिलही तेच ऐकायला उभा होता, हाताची घडी घालून. बाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. म्हणाल्या, "बाबांसारखा दिसायला लागलास." मग खोडरबर काढलं, एकसष्ट खोडलं, एकशेदहा लिहिलं. "शेलार, आता वजनं अजून हलकी लागतील ना?"

"लागतील. साठ किलोच्या पोराच्या हिशोबानं घेतली असती तर गाडी परत तिथंच दमली असती."

"ऐकलंस?" त्या फोनमध्ये म्हणाल्या.

तिकडून उत्तर आलं. "ऐकलं." हाताची घडी सुटली होती.

किट त्यांनी सिंगापूरला मागवला. दुकान निखिलपासून एका दिवसावर, नि वस्तू अर्धी पृथ्वी फिरून चोआ चू कांगला आली. निखिल म्हणाला, "आई, धिस मेक्स नो सेन्स, ला." बाई म्हणाल्या, "हाताळल्याशिवाय मी वांगं घेत नाही." वस्तू इथं आली की ती तिथं कुणीतरी न्यावी लागणार, हे मला सातवी शिकलेल्यालाही कळत होतं.

खोका उघडला. तीन वजनं, बोटाएवढी, वाकडी, चकचकीत. मी हातात तोलली. "बाई, तिन्ही सारखी पाहिजेत. एक जरी जड असलं तर पुली थरथरते, बेल्ट खाते."

"सारखी नाहीत?"

"हाताला एक शंका येतीय. माझ्या हाताचं काय घेऊन बसलात, म्हातारा हात."

स्वयंपाकघरातला काटा एवढं बारीक दाखवेना. बाईंनी पर्स उचलली. "चला, लिटिल इंडिया."

सेरंगून रोडवर बाईंच्या ओळखीचा तमिळ सोनार होता. दुकानात लग्नाची गर्दी, नवरी नि तिच्या चार मावश्या हार बघतायत. बाईंनी काउंटरवर रुमाल पसरून तीन लोखंडी तुकडे ठेवले.

सोनार म्हणाला, "मॅडम, हे सोनं नाही."

"मला माहीत आहे. वजन करा."

"लोखंडाचं?"

"तुमचा काटा लोखंडाला वेगळं वजन सांगतो का?"

मावश्या हसल्या. सोनारानं मान हलवत मोजलं. पहिलं, दुसरं, बरोबर सारखं. तिसरं एक ग्रॅम आणि वर थोडं जास्त. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. प्रत्येक वजनाच्या पोटात एक बारका स्क्रू असतो, कमीजास्त करायला. भरणाऱ्यानं तिसऱ्यात लांब स्क्रू घातला होता. सुटे स्क्रू पुडीत आले होतेच. सोनाराचा चिमटा मागून घेतला, तिथंच बदलला. आता सोनारालाही राहवेना, त्यानं तिन्ही परत मोजली, आकडा बघून स्वतःच "आहा!" म्हणाला. नवरी विचारत होती, हे कशासाठी? बाईंनी तिला सगळं सांगितलं. डोंगर, विरळ हवा, बेल्ट, आणि "माझा मुलगा एकशेदहा किलोचा आहे" हे जरा मोठ्यानं. सोनारानं ती वजनं दागिन्यांच्या गुलाबी कागदात बांधून दिली.

परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाई ती पुडी मांडीवर धरून बसल्या होत्या. चार-पाच स्टेशनं गेली. मग म्हणाल्या, "मी त्याला टॅक्सी चालव म्हटलं होतं."

"मला माहीत आहे."

"चुकलंच."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "थँक्यू, शेलार. बाकीचे म्हणतात, नाही हो, तुमच्या मनात तसं नव्हतं."

"होतं की मनात."

"होतं," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात त्या कॅनडाला निघाल्या, आणि पुढं तिकडेच राहिल्या. चांगी विमानतळावर सोडायला मी नि माझा मुलगा गेलो होतो. काउंटरवर सामान चार किलो जास्त भरलं. बाईंनी तिथंच बॅग उघडली. चिवडा, भाजणी, मेतकूट, निखिलला आवडायच्या म्हणून केलेल्या चकल्या, एकेक डबा काढून माझ्या हातात देत गेल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, तो जड खोका काढा ना, बाकी सगळं नेता येईल." बाईंनी खोका तसाच ठेवून चेन ओढली. महिनाभर आम्ही चकल्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या, जरा कडक.

तिथं पोचून आठवडा झाला असेल. सकाळी सात वाजता माझा फोन वाजला, तिथं आदल्या दिवसाची दुपार. पडद्यावर नुसतं पांढरं.

"शेलार, बोलू नका. ऐका."

लांब खाली कुठंतरी इंजिन सुरू झालं. काळा ठिपका उताराला लागला. मी फोन कानाला लावला, बघायचं सोडून दिलं. बघून मला काय कळणार? आवाज वर चढला, नि तिथं थांबला. थांबला म्हणजे धरून राहिला, एकसारखा, ना किंचाळणं ना घुसमट. व्हिडिओत जिथं खाली आला होता तिथंही आवाज खाली आला नाही. मग लांब गेला, आणि डोंगरापलीकडे ऐकू येईनासा झाला.

"गेला वर?" मी विचारलं.

नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "गेला. थंडीनं नाक वाहतंय माझं."

"वाहू दे."

जरा वेळानं गाडी खाली आली. फोन बाईंनी कशावर तरी टेकवून ठेवला असावा, कारण आता सगळं वाकडं पण स्पष्ट दिसत होतं. बर्फात उभी गाडी. मुलाचं भलंमोठं लाल जॅकेट घातलेल्या बाई, बाह्या बोटांच्या खाली लोंबतायत, डोक्याला माकडटोपी. निखिलनं गाडीचं बाजूचं झाकण उघडलं. बाई उपड्या बादलीवर बसल्या नि डोकं आत घातलं. त्यानंही गुडघा जपत वाकून डोकं आत घातलं.

"आई, टॉपला दोनशे आरपीएम कमी पडतायत."

"मग अर्धा ग्रॅम काढ."

"नो, ला. बेल्ट नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो."

"असं तुला वाटतं की मोजलंयस?"

"वाटतं."

"मग मोज. उद्या परत वर जा, मी लिहून घेते. आणि हे काळं काय सांडलंय इथं?"

"ते आधीपासून आहे."

"आधीपासून आहे म्हणजे चालतं का?"

मी दोनदा हॅलो म्हटलं. कुणी मान वर केली नाही. तो काहीतरी दाखवत होता, त्या त्याचं बोट बाजूला सारून स्वतः बघत होत्या, तो हसत होता, आणि दोघंही एकदम बोलत होते.